कोट उतरला, दार उघडले का?

जबलपूर : जुन्या जबलपूरच्या सराफा आणि बडा फुहारा या गजबजलेल्या भागात कमानिया गेट उभे आहे. मार्च १९३९ मध्ये शहरालगत त्रिपुरी येथे काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले, त्याची ही वास्तुरूप आठवण. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस त्या दिवसांत तापाने अंथरुणाला खिळलेले होते. मिरवणुकीत त्यांच्या जागी त्यांची प्रतिमा होती आणि तिच्या दिमतीला बावन्न हत्ती. आज या कमानीभोवती सोन्याचांदीचा आणि कापडाचा बाजार भरतो, खव्याच्या जिलेबीसाठी रांगा लागतात. पोशाख आणि राजकारण यांचे नाते आठवून देणारी अशी जागा मध्य भारतात दुसरी क्वचितच असेल. ज्या संघटनेच्या अधिवेशनासाठी ही कमान उभी राहिली, तिच्या घटनेत त्या काळी निवडून येणाऱ्या पदांसाठी नित्य खादी वापरण्याची अट होती. साहेबाच्या कोट-टायविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीचाही स्वतःचा एक पोशाखनियम होता, हे सहसा विसरले जाते.

हा संदर्भ आज आठवण्याचे कारण मात्र समुद्रावरचे आहे. जगभरातील क्रूझ जहाजांवर रात्रीच्या भोजनासाठी असलेला औपचारिक पोशाखाचा आग्रह गेल्या पंचवीस वर्षांत टप्प्याटप्प्याने ओसरला आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ या नावाने ठरावीक वेळ, ठरावीक टेबल आणि ठरावीक पोशाख या तिन्ही गोष्टींना रजा दिली. सेलिब्रिटी क्रूझेसने २०१५ च्या अखेरीस ‘फॉर्मल नाइट’ हा शब्दच बाजूला ठेवून तुलनेने मोकळ्या पोशाखाची संध्याकाळ आणली. क्युनार्डसारख्या जुन्या कंपनीने काही रात्रींपुरता डिनर जॅकेट किंवा काळ्या सूटचा आग्रह टिकवून ठेवला आहे. तेथे त्याच पंक्तीत राष्ट्रीय औपचारिक पोशाखालाही स्थान आहे. म्हणजे शेरवानी घातलेला प्रवासी आणि किल्ट नेसलेला स्कॉटिश प्रवासी दोघेही तेथे नियमात बसतात.

ही बातमी केवळ श्रीमंतांच्या सहलीपुरती मर्यादित राहिलेली नाही. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले. २०२९ पर्यंत देशातील क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ हे जहाज २०२१ पासून मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या फेऱ्या करीत आहे. जबलपूर, नागपूर, इंदूर अशा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरांतील कुटुंबेही आता दोन-तीन रात्रींच्या अशा सहलीचा विचार करू लागली आहेत. तिकिटाचे पैसे भरून झाल्यावर घरात पहिला प्रश्न निघतो, तो कपड्यांचा.

मुंबई-गोवा हा जलमार्ग मराठी माणसाला नवा नाही. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटींची नावे आजही रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले या भागांतील जुन्या मंडळींच्या तोंडी आहेत. त्या बोटींच्या डेकवर चाकरमानी वळकट्या पसरून बसत आणि घरून बांधून आणलेली भाकरी, चटणी, सुके मासे सोडत. पोशाखाचा नियम तेथे कोणी सांगितला नाही, कारण नियम सांगावा अशा भोजनगृहात त्यांना जायचेच नव्हते. तोच किनारा, तेच पाणी. पण आज त्यावरून जाणारा मराठी प्रवासी भोजनगृहात बसणार आहे. प्रश्न निर्माण होतो तो येथे.

औपचारिक भोजनपोशाखाचा इतिहास पाहिला तर त्यात एक गमतीदार उलटापालट दिसते. सुएझ कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला आणि पुढच्याच मार्चमध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि ईस्ट इंडियन या दोन रेल्वे जबलपूर येथे जोडल्या गेल्या. मुंबईच्या धक्क्यावर आगबोटीतून उतरलेला इंग्रज अधिकारी आता जबलपूरमार्गे थेट कलकत्त्याला जाऊ लागला. जहाजावरच्या पहिल्या वर्गाच्या भोजनगृहातील शिष्टाचार त्याच्या ट्रंकेतून छावण्यांत आणि क्लबांत पोहोचला. जबलपूर तर लष्करी छावणीचे शहर. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स यांची केंद्रे आजही येथे आहेत, आणि मेसमधील ‘डिनर नाइट’ची परंपरा या शहराला परकी नाही.

परंतु भारताच्या वाटेवरच या शिष्टाचाराला पहिली कात्रीही लागली. तांबड्या समुद्रातील उकाड्यात जाड लोकरीचा कोट घालून जेवणे अशक्य होते. त्यातून ‘रेड सी रिग’ नावाची सवलत जन्माला आली : कोट नाही, पांढरा सदरा, काळी पँट आणि कमरेला पट्टा. हा पट्टा म्हणजे ‘कमरबंद’. हिंदुस्थानातील लष्करी अधिकाऱ्यांनी जाकिटाऐवजी तो उचलला आणि पुढे तो लंडन-न्यूयॉर्कच्या औपचारिक भोजनपोशाखाचा भाग बनला. ‘पायजमा’ शब्दानेही असाच उलटा प्रवास केला. भारतात बाहेर मिरवण्याचा पोशाख असलेले हे वस्त्र इंग्रजांच्या घरी झोपताना घालायचे झाले. त्यामुळे पायजमा घालून भोजनगृहात येऊ नये असे एखादा नियम म्हणतो, तेव्हा त्यात पायजम्याविषयीची इंग्रजी समजूत बोलत असते. पायजम्यात मुळात असे काही अनौपचारिक नाही.

मराठी वाचकाला या संदर्भात १८८८ हे साल विशेष आठवावे. त्या वर्षी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी समारंभ योजला होता. निमंत्रितांत महात्मा जोतीराव फुले होते. भरजरी पोशाख आणि दागिने घातलेल्या प्रतिष्ठितांच्या त्या मेळाव्यात फुले साध्या शेतकऱ्याच्या वेषात गेले. येथे दिसणाऱ्या हिऱ्यामाणकांवरून हिंदुस्थानची कल्पना करू नका, खरा देश खेड्यांत आहे आणि त्याला शिक्षणाची गरज आहे, हे राणीच्या कानी घाला, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. फुल्यांना चांगले कपडे मिळत नव्हते असे मुळीच नाही. ते व्यवसायाने कंत्राटदार होते, बांधकामाची मोठी कामे त्यांनी केली होती. तो वेष म्हणजे पुरावा होता. ज्यांच्या करांतून तो समारंभ शक्य झाला, ते सभागृहात कसे दिसले असते, हे दाखवणारा.

त्याच वर्षी सप्टेंबरात मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा तरुण मुंबईहून ‘क्लाइड’ या आगबोटीने इंग्लंडला निघाला. काट्या-चमच्याने जेवता येत नाही, कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारण्याचे धैर्य नाही, म्हणून तो भोजनगृहात न जाता आपल्या खोलीतच घरून आणलेल्या मिठाईवर आणि फळांवर दिवस काढीत असे. बोटीवर त्याने काळा सूट वापरला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे उतरतेवेळी घालायचे म्हणून राखून ठेवले. इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरल्यावर त्याला दिसले की त्या ऋतूत पांढरे कपडे घातलेला आपण एकटेच आहोत. आत्मकथेत हा प्रसंग त्यांनी स्वतःच सांगितला आहे. नियम पाळण्याची मनापासून इच्छा असलेला माणूसही नियम माहीत नसल्याने कसा उघडा पडतो, याचे याहून नेमके उदाहरण नाही. हाच मनुष्य १९३१ मध्ये ‘राजपुताना’ बोटीने गोलमेज परिषदेला गेला आणि पंचा व शाल या वेषात बकिंगहॅम राजवाड्यातील चहापानाला उपस्थित राहिला. त्रेचाळीस वर्षांत नियम बदलला नव्हता, तो मोडण्याची ताकद आली होती. ती ताकद मागे एक देश उभा असल्यामुळे आली होती, आणि सामान्य प्रवाशामागे देश उभा नसतो.

अर्थात, जेवणाचा पोशाख ही केवळ साहेबाची देणगी आहे असे मानणे सोयीचे असले तरी खरे नाही. महाराष्ट्रातील ब्राह्मणी घरांतील सोवळे हा याहून कितीतरी कडक भोजननियम होता. शिवलेले वस्त्र चालायचे नाही; मुकटा किंवा पीतांबर नेसून, उघड्या अंगाने वा उपरणे घेऊन पाटावर बसायचे; स्वयंपाक करणाऱ्या बाईने धूतवस्त्रात राहायचे आणि कोणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. विलायती बोटीवर कोट नसेल तर माणूस मेजावरून परत जाई. सोवळ्याच्या पंक्तीत माणसाचा जन्मच चुकीच्या घरी झाला असेल तर कोणताही मुकटा त्याला उपयोगाचा नसे. हा नियम कोणी अध्यादेश काढून रद्द केला नाही. आगगाडीने तो सैल केला, मुंबईच्या चाळीतील पाण्याच्या वेळांनी सैल केला, खानावळींनी आणि उपाहारगृहांनी सैल केला. नऊच्या ठोक्याला कचेरीत हजर राहायचे असलेला कारकून आणि मुकटा यांचे जमणे शक्य नव्हते.

क्रूझ कंपन्यांच्या सवलतीमागची कारणेही अशीच व्यवहारी आहेत. जहाज गाठण्यासाठी प्रवासी आता विमानाने येतो आणि विमानात सामानाच्या वजनाला मर्यादा असते. पूर्वी महिनाभर चालणारा प्रवास आज तीन ते सात रात्रींचा झाला आहे. एका भव्य भोजनगृहात दोन पाळ्यांत सर्वांना जेवायला बसवण्याची पद्धत जाऊन एकाच जहाजावर अनेक उपाहारगृहे आली. लहान मुलांसह येणारी कुटुंबे वाढली. ज्या प्रवाशाला कोटाची सक्ती नको असते तो दुसऱ्या कंपनीकडे जातो, हे हिशेबनीस ओळखून असतात. कोणाच्या मनात समतेचा विचार येऊन हा बदल झाला, असे समजण्याचे कारण नाही. तरीही परिणाम काही अंशी समतेचाच झाला आहे, हे मान्य करायला हवे.

भारतात या प्रश्नाची धग समुद्रापेक्षा जमिनीवर अधिक जाणवली. चित्रकार म. फि. हुसेन यांना अनवाणी असल्यामुळे मुंबईच्या विलिंग्डन क्लबमधून परतावे लागले होते. जून २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबमध्ये भोजनासाठी आमंत्रित असलेल्या एका खासी महिलेला तिच्या पारंपरिक ‘जैनसेम’ वेषावरून भोजनगृहाबाहेर जाण्यास सांगण्यात आले; तिचा पोशाख मोलकरणीसारखा दिसतो, असे तिला ऐकवल्याचा आरोप झाला आणि देशभर संताप उमटला. त्या प्रसंगात जखम केवळ एका वस्त्राला नव्हती. मोलकरीण त्या मेजावर बसूच शकत नाही, हे गृहीतक त्यात उघडे पडले होते, आणि संतापलेल्यांपैकी बहुतेकांनी आक्षेप घेतला तो ‘ती मोलकरीण नव्हती’ या मुद्द्यावर.

तामिळनाडूने या बाबतीत कायद्याचा मार्ग स्वीकारला. जुलै २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंधामन यांना वेष्टी नेसली आहे म्हणून चेन्नईतील तामिळनाडू क्रिकेट संघटनेच्या क्लबमध्ये पुस्तक प्रकाशनाला प्रवेश नाकारण्यात आला. महिन्याभरातच मुख्यमंत्री जयललिता यांच्या सरकारने विधानसभेत कायदा संमत करून घेतला. वेष्टी किंवा भारतीय संस्कृतीशी सुसंगत असा कोणताही पारंपरिक पोशाख घातला म्हणून क्लब, सभागृह वा सार्वजनिक जागेत प्रवेश नाकारणे त्यामुळे गुन्हा ठरले; परवाना रद्द होण्याची, एक वर्षापर्यंत कैदेची आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद झाली. न्यायमूर्तींना अडवले गेले म्हणून कायदा झाला, हे विसरता येत नाही. त्याच दारातून त्याआधी परत गेलेल्या अनामिकांसाठी विधानसभा बसली नव्हती. पण कायदा झाल्यावर तो अनामिकांनाही लागू होतो, हीच कायद्याची थोरवी. महाराष्ट्रात, जेथे देशातील सर्वाधिक जुन्या जिमखान्यांपैकी काही आहेत, तेथे या धर्तीचा विचार गंभीरपणे व्हायला हरकत नव्हती.

क्रूझ जहाजाच्या विषयाला सर्वांत जवळचे भारतीय उदाहरण मात्र नौदलाचे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय नौदलाने अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये आणि नाविकांच्या संस्थांमध्ये कुर्ता-पायजमा घालून येण्यास परवानगी दिली. ब्रिटिश नौदलाकडून आलेल्या भोजनशिष्टाचारात हा मोठा बदल होता. सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून प्रेरित अष्टकोन आला, डिसेंबर २०२३ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने साजऱ्या झालेल्या नौदल दिनी स्कंधचिन्हांबाबतची घोषणा झाली, आणि त्यानंतर पोशाखाचा हा निर्णय आला. क्रम सुसंगत होता.

निर्णयाचा तपशील मात्र वाचण्यासारखा आहे. कुर्ता एकरंगी हवा, गुडघ्याच्या जरा वर येणारा हवा, बाह्यांना बटणे हवीत. पायजमा अरुंद, खिसे असलेला, कमरेला इलॅस्टिकचा. त्यावर बिनबाह्यांचे जाकीट, आणि जाकिटाच्या खिशात जुळणारा रुमाल. पायांत बूट किंवा सँडल. महिला अधिकाऱ्यांसाठी कुर्ता-चुडीदार किंवा पलाझो. युद्धनौका आणि पाणबुड्यांवर मात्र हा पोशाख चालणार नाही. म्हणजे जमिनीवरच्या मेसमध्ये सवलत, प्रत्यक्ष जहाजावर नाही. लष्करी शिस्तीच्या संस्थेकडून यापेक्षा वेगळे अपेक्षितही नव्हते. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : पोशाखसक्ती सैल होते तेव्हा नियम संपत नाही, तो नव्याने लिहिला जातो, आणि नवा नियम कधीकधी जुन्यापेक्षा अधिक मापे मागतो. जाकिटाच्या खिशातील रुमाल हा कुर्त्याचा भाग कधी झाला, हा प्रश्न उरतोच. इंग्रजी सूटचे व्याकरण ठेवून शब्द तेवढे भारतीय घातले, असे या नियमाविषयी म्हणता येईल. धोतर मात्र अद्याप दाराबाहेरच आहे.

जबलपूरच्या संदर्भात आणखी एका काळ्या कोटाचा उल्लेख आवश्यक आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ या शहरात आहे आणि उन्हाळ्यात येथील पारा कोठे जातो हे कोणाला सांगायला नको. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालये वगळता इतर न्यायालयांत उन्हाळ्याच्या दिवसांत वकिलांना काळा कोट सक्तीचा नाही. परिणामी एकाच शहरात, एकाच तापमानात, जिल्हा न्यायालयातील वकील पांढऱ्या सदऱ्यात उभा राहू शकतो आणि उच्च न्यायालयातील वकिलाला कोट-गाऊन घालावा लागतो. उष्णता सर्वांना सारखी लागते, प्रतिष्ठेची पायरी तेवढी वेगळी. कोविडकाळात, मे २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दूरदृश्य सुनावण्यांपुरती कोट-गाऊनची सक्ती स्थगित केली होती आणि न्यायदान त्यामुळे अडले नव्हते. तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये उन्हाळ्यातील कायमस्वरूपी सवलतीची मागणी करणारी याचिका तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने स्वीकारली नाही. न्यायालयात काही एक मर्यादा पाळलीच पाहिजे, असे मत नोंदवत याचिकाकर्त्याला विधिज्ञ परिषदेकडे जाण्याचा मार्ग दाखवला गेला.

त्या युक्तिवादाला वजन नाही असे म्हणता येणार नाही. औपचारिक पोशाखाची बाजू मांडणारे तीन गोष्टी सांगतात आणि त्यांतील एक तरी खरी आहे. वेगळा पोशाख प्रसंगाला प्रसंग बनवतो. रोजच्या कपड्यांत केलेले रोजचे जेवण आणि मुद्दाम तयार होऊन केलेले जेवण यांत फरक असतो. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीला कोणी घरातल्या कपड्यांत बसत नाही ते याचमुळे. पोशाख सारखा असला की श्रीमंत-गरीब ओळखू येत नाहीत, हा दुसरा दावा शाळेच्या गणवेशाला लागू पडतो, भोजनाच्या कोटाला नाही. कोटाची शिलाई आणि कापड पाहणाऱ्याला सर्व काही सांगून जातात. संस्थेची शिस्त हा तिसरा मुद्दा सैन्याला आणि न्यायालयाला शोभतो. सुटीवर आलेल्या आणि त्यासाठी पैसे मोजलेल्या प्रवाशाला शिस्त लावण्याचा अधिकार जहाजकंपनीला कोणी दिला, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

भारतीय प्रवाशांच्या बाबतीत तर चित्र काहीसे उलटेच आहे. आपल्याकडे औपचारिकतेची टंचाई कधीच नव्हती. क्रूझवर जाणारे भारतीय कुटुंब कोट आणणार नाही कदाचित, पण पैठणी, भरतकामाचा कुर्ता, मोत्यांचा सर हे सारे बॅगेत असते. पाश्चात्त्य कंपन्या पोशाख सैल करीत आहेत त्याच काळात भारतीय प्रवासी समुद्रावर लग्नसमारंभाच्या थाटाने वावरू लागला आहे. येथे अडचण येते ती ‘फॉर्मल’ या शब्दाच्या अर्थात. पुरुषांसाठी तो अर्थ नियमावलीत सविस्तर लिहिलेला असतो : कोट, टाय, बंद बूट. चप्पल त्यात बसत नाही. कोल्हापुरी चप्पल घालून नेसूचे रेशमी धोतर हा मराठी माणसाचा सर्वांत औपचारिक वेष. पण अनेक क्लबांच्या आणि उपाहारगृहांच्या दारावर चप्पल म्हणजे बेफिकिरी, एवढाच अर्थ लावला जातो. साडी मात्र जगभर औपचारिक मानली जाते. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिका गाठली आणि १८८६ मध्ये डॉक्टर होईपर्यंत साडी सोडली नाही. त्यासाठी त्यांना जे सोसावे लागले त्याचे फळ आजच्या प्रवासी महिलांना मिळते आहे.

दुसरीकडे, जेवणाच्या मेजावर दार सैल होत असताना इतर काही दारे घट्ट होत आहेत, हेही नोंदवले पाहिजे. २०२३ पासून नागपूरसह महाराष्ट्रातील अनेक मंदिरांनी पोशाखसंहिता लागू केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराच्या न्यासानेही अंगभर वस्त्रांचा नियम जाहीर केला. चेंबूरमधील एका महाविद्यालयाच्या हिजाब व टोपीबंदीच्या परिपत्रकाला ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंशतः स्थगिती दिली. प्रत्येक प्रसंग वेगळा आहे, त्यांची सरमिसळ करू नये. मात्र समाज म्हणून आपण पोशाखाविषयी अधिक उदार होत आहोत, असा निष्कर्ष केवळ क्रूझच्या भोजनगृहावरून काढणे घाईचे ठरेल.

या सर्व चर्चेत एक पोशाख कोणाच्याच लक्षात येत नाही. तो म्हणजे मेजापाशी उभ्या असलेल्या माणसाचा. ब्रिटिश आगबोटींच्या काळापासून गोव्याचे खलाशी, स्वयंपाकी आणि वाढपी जगभरच्या जहाजांवर काम करीत आले. मुंबईत धोबी तलाव परिसरातील ‘कूड’ म्हणजे गावागावांच्या नावाने चालणाऱ्या त्यांच्या निवाऱ्याच्या जागा. पुढच्या बोटीची वाट पाहत ते तेथे राहत. आजही गोवा, कोकण आणि मुंबईतील हजारो तरुण क्रूझ जहाजांवरील भोजनगृहांत नोकरी करतात. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत समुद्रावर अडकलेले शंभरावर भारतीय कर्मचारी ‘मरेला डिस्कव्हरी’ या जहाजातून मुंबईत उतरवण्यात आले, तेव्हा या वर्गाकडे थोडे दिवस देशाचे लक्ष गेले होते.

प्रवाशाचा कोट उतरला, पण वाढप्याचा उतरलेला नाही. टी-शर्ट आणि अर्ध्या विजारीत बसलेल्या पाहुण्यासमोर पट्टीदार जाकीट, बो आणि चकाकणारे बूट घातलेला तरुण वाकून विचारतो, सूप की सॅलड. शंभर वर्षांपूर्वी पाहुणा आणि वाढपी दोघेही कडक पोशाखात असत आणि कोण कोण आहे हे बसण्या-उभे राहण्यावरून कळे. आता ते कपड्यांवरून कळते. औपचारिकतेचे सारे ओझे एका बाजूचे दुसऱ्या बाजूकडे सरकले आहे. ओझे कमी झाले असा समज मात्र दोन्ही बाजूंपैकी एकाचाच आहे. विविध कंपन्यांच्या पाहुण्यांसाठीच्या सूचना वर्षागणिक मऊ होत गेल्या. कर्मचाऱ्यांच्या गणवेशाच्या, नखांच्या, दाढीच्या आणि केसांच्या सूचना तशा झालेल्या नाहीत.

‘क्रूझ भारत मिशन’चा कालावधी ३१ मार्च २०२९ पर्यंत आहे. त्यात धक्के, टर्मिनल, नदीमार्ग, करसवलती आणि रोजगार या सर्वांचा विचार आहे. भारतीय किनाऱ्यावर भारतीय प्रवाशांसाठी चालणाऱ्या जहाजाच्या भोजनगृहात कोण कोणत्या वेषात बसेल आणि कोण कोणत्या वेषात वाढेल, हे ठरवण्याचे काम तूर्त कंपन्यांकडेच आहे. तामिळनाडूचा कायदा तामिळनाडूच्या हद्दीपुरता आहे. मुंबईच्या टर्मिनलवरून निघणाऱ्या जहाजावर धोतर नेसून, कोल्हापुरी घालून जेवायला आलेल्या प्रवाशाला अडवले गेले, तर त्याने दाद कोणाकडे मागावी, याची स्पष्ट तरतूद महाराष्ट्रात आजही नाही.